राखणदार काय खातो?

माझी भाची सध्या मोबाइलवर एक कथामालिका वाचते आहे. रोज रात्री एक भाग येतो आणि तो वाचल्याशिवाय तिला झोप लागत नाही. काळ पाचशे वर्षांपूर्वीचा, स्थळ पूर्व युरोपातले एक डोंगराळ राज्य, नायिका गादीवरून हुसकलेल्या राजाची मुलगी, आणि तिच्या दालनाबाहेर पहारा देणारा एक व्हॅम्पायर, ज्याने तिच्या पणजोबांना दिलेला शब्द अजून मोडलेला नाही. तिच्यासाठी तो केव्हाही मरायला तयार असतो. (एकदा मरून चुकलेल्याला ही तयारी ठेवणे कितपत कठीण, हा प्रश्न मी गिळला.) मी एवढेच विचारले, "मग तो जगतो कशावर?"

"रक्तावर. पण फक्त वाईट माणसांच्या."

"वाईट कोण, हे कोण ठरवतं?"

तिने मान वर न करता सांगितले, "तोच ठरवतो ना, मामा."

अशा कथांवर मोठ्यांचा नेहमीचा आक्षेप असतो तो प्रेमाविषयीचा. रात्रभर खिडकीखाली उभा राहणारा, नायिकेच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवणारा पुरुष म्हणजे आदर्श प्रियकर, असे मुलींच्या मनावर ठसेल, ही त्यामागची भीती. मला ती फारशी पटत नाही, कारण वाचणाऱ्या मुली आपण समजतो तितक्या भाबड्या नसतात आणि गोष्टीतला पहारेकरी व गल्लीतला टवाळ यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. माझा आक्षेप इतिहासाच्या बाजूने आहे. रक्त पिणारा रक्षक खऱ्या काळातल्या दरबारात, लढाईत आणि सीमेवर आणून उभा केला, की त्याची निष्ठा ही त्याची आणि नायिकेची खासगी बाब उरत नाही. तो एकीला जपतो तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी खातो. आणि त्या दुसऱ्याला कथेत नाव नसते, घर नसते, मागे राहिलेले माणूस नसते. 'वाईट' या एका शब्दात त्याची वासलात लागते. अशी कथा लिहिणाऱ्याने या रक्ताचा हिशोब कथेतच मांडला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या साऱ्या कथांचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो व्लाड तिसरा हा पंधराव्या शतकातला वालाखियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा, राजा. त्याचा बाप 1431 साली 'ड्रॅगन'च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरदारांच्या मंडळात दाखल झाला, त्यावरून बापाला 'द्राकुल' आणि मुलाला 'द्राकुला' असे नाव पडले. व्लाडच्या हयातीत त्याला क्रूर म्हणणारे पुष्कळ होते, पण उठून बसणारे प्रेत त्याला कोणी म्हटले नव्हते. ते बिरुद त्याच्या नावाला 1897 च्या 'ड्रॅक्युला' या इंग्रजी कादंबरीने चिकटवले, आणि त्या कादंबरीतला उमराव कोणाचेही रक्षण करत नाही. गेल्या काही दशकांत मात्र हा राजा आणि तो उमराव एकमेकांत मिसळून तिसराच पुरुष तयार झाला आहे: तुर्कांपासून आपली प्रजा, आपली बायको, आपले लेकरू वाचवण्यासाठी स्वतःचा आत्मा गहाण टाकून व्हॅम्पायर झालेला राजा. पडद्यावर आणि पुस्तकांत तो आता इतका रुळला आहे की खरा व्लाड याहून वेगळा होता हेच अनेकांना सांगावे लागते.

खऱ्या व्लाडचे 1462 हे साल जरा जवळून पाहण्यासारखे आहे. त्या हिवाळ्यात त्याने डॅन्यूब नदी ओलांडून तुर्कांच्या ताब्यातल्या मुलखावर धाडी घातल्या आणि फेब्रुवारीत हंगेरीचा राजा मात्याश याला पत्र लिहून त्याचा तपशील कळवला. मारलेल्यांचा आकडा त्याने सुमारे 24 हजार दिला आहे; घरांत जळून मेलेले आणि ज्यांची डोकी मोजायला मिळाली नाहीत ते वेगळे, असेही त्याने बजावले आहे. पुरावा म्हणून नाके-कान भरलेल्या पिशव्या सोबत गेल्या. या 24 हजारांत फक्त तुर्क नव्हते, बल्गेरियनही होते, असे पत्रच सांगते. नदीच्या पलीकडच्या तीरावर, सुलतानाच्या राज्यात राहत होते, एवढाच त्यांतल्या कित्येकांचा दोष असणार. ही माणसे मोजली गेली ती दोस्ताला दाखवण्याचा पराक्रम म्हणून.

उन्हाळ्यात सुलतान दुसरा मेहमेद स्वतः चालून आला. व्लाडने समोरासमोरची लढाई टाळली आणि माघार घेत असताना स्वतःच्याच मुलखातली गावे आणि पिके जाळली, विहिरींत विष टाकले, माणसे आणि गुरे रानात हाकलली. 17 जूनच्या रात्री त्याने सुलतानाच्या छावणीवर जो छापा घातला तो खरोखरच धाडसाचा होता आणि कथाकारांना तो भुरळ पाडतो यात नवल नाही. त्यानंतर राजधानी तिर्गोविश्तेजवळ सुलतानाच्या फौजेला सुळांचे रान दिसले. ग्रीक इतिहासकार खाल्कोकोंडिलीस याने तिथे सुमारे 20 हजार माणसे सुळावर असल्याचे लिहिले आहे, आणि त्यांत स्त्रिया आणि मुले होती हेही नोंदवले आहे.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. यापुढची फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. सुलतान मागे फिरला, पण व्लाडचा धाकटा भाऊ राडू याला मागे ठेवून गेला. आणि ज्यांच्या रक्षणासाठी एवढे रक्त सांडले म्हणतात ते वालाखियाचे सरदार आणि सामान्य लोक एकेक करून राडूकडे गेले. वर्ष संपण्यापूर्वी व्लाड हंगेरीच्या राजाचा, म्हणजे त्या पत्रातल्या दोस्ताचाच, कैदी होता. ज्याची गावे राखणदारानेच जाळली त्या शेतकऱ्याने दुसरा धनी पत्करला यात बेइमानी शोधणाऱ्याने त्या विहिरीचे पाणी एकदा पिऊन पाहावे. कुंपणच शेत खाते, ही आपली म्हण या एका वर्षात पुरती उतरते.

तरीही व्लाड रोमानियाच्या स्मृतीत रक्षक म्हणून राहिला. त्याच्या राज्यात विहिरीवर सोन्याचा पेला ठेवलेला असे आणि तो चोरायची कोणाची छाती होत नसे, ही दंतकथा अजून सांगितली जाते. 1976 साली, त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली तेव्हा, रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने त्याचा राष्ट्रपुरुष म्हणून गौरव केला. चोरांना सुळावर देणारा, फितूर सरदारांना मोडून काढणारा, परक्यांपुढे न झुकणारा शास्ता कोणत्या राजवटीला का आवडतो हे वेगळे सांगायला नको. 'फक्त वाईट माणसांचे रक्त पिणारा' रक्षक हे पात्र म्हणूनच केवळ करमणुकीचे नाही. आपल्याला एक कठोर राखणदार हवा, त्याने काय खाल्ले ते विचारू नये, ही सार्वजनिक जीवनातली जुनी इच्छा या पात्रात साठलेली आहे. कथा ती इच्छा दाखवते तोवर ठीक. कथाच ती इच्छा बनते तेव्हा वाचकाने अडखळायला हवे.

गंमत अशी की ज्या लोकांनी व्हॅम्पायर हा शब्द युरोपला दिला त्यांना असला रक्षक ठाऊकच नव्हता. 1718 च्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे गेला आणि तिथल्या खेड्यांतून ऑस्ट्रियाचे अधिकारी कागद लिहू लागले. 1725 सालचा, किसिल्येवो गावातला, फ्रोम्बाल्ड नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल त्यांतला प्रसिद्ध. पेटर ब्लागोयेविच हा गावकरी मेला, पुरला गेला, आणि त्याच्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. मरताना ती सांगत होती की पेटर झोपेत येऊन आमच्यावर बसला आणि गळा आवळू लागला. गावकऱ्यांनी प्रेत उकरण्याची परवानगी मागितली. बेलग्रेडहून हुकूम येईपर्यंत थांबा म्हटल्यावर ते म्हणाले की तोवर गाव उरणार नाही, तुर्कांच्या अमदानीत असे झालेले आहे, तेव्हा आम्ही गाव सोडून जातो. फ्रोम्बाल्डचा नाइलाज झाला. थडगे उघडले, तोंडाशी ताजे रक्त दिसले, छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळले. अहवालाच्या शेवटी या सरकारी माणसाने लिहिले आहे की यात काही चुकले असेल तर दोष माझा नव्हे, भीतीने भान हरपलेल्या लोकांचा आहे. कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही हे वाक्य ओळखीचे वाटेल.

याच अहवालात एक लहानसा तपशील आहे. पेटर मेल्यावर आपल्या बायकोकडे आला आणि त्याने तिच्याकडे आपली 'ओपांकी', म्हणजे पायातली चामडी पादत्राणे, मागितली. त्यानंतर ती ते गाव सोडून दुसऱ्या गावी निघून गेली.

सात वर्षांनी, 1732 च्या जानेवारीत, मेद्वेजा गावात लष्करी शल्यवैद्य फ्ल्यूकिंगर याने दुसरा मोठा अहवाल लिहिला. तीन महिन्यांत सतरा माणसे मेली होती, आणि सगळ्याचे मूळ काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडलेल्या आर्नोल्ड पावले याच्यात शोधले जात होते. पावले हा हायदुक होता, आणि हायदुक म्हणजे ऑस्ट्रियाच्या सीमेवर राखण करणारे शिपाई. म्हणजे इतिहासाच्या कागदांत पेशाने राखणदार असलेला व्हॅम्पायर एक सापडतो खरा, पण मेल्यावर त्याने आपल्याच गावची माणसे खाल्ली असे त्याच्या गावकऱ्यांचे म्हणणे होते. या कागदांतले सगळे व्हॅम्पायर शेतकरी आणि शिपाई आहेत. त्यांच्यात राजवाड्यातला कोणी नाही. गढीतला, रेशमी पोशाखाचा, मोहक रक्तपिपासू ही 1819 सालची निर्मिती, जेव्हा इंग्रज कवी बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याने आपल्या कथेत एका लॉर्डला या भूमिकेत बसवले. त्याआधीच फ्रेंच लेखक व्होल्तेअरने खवचटपणे लिहून ठेवले होते की लंडन-पॅरिसमध्ये व्हॅम्पायर नाहीत, पण दिवसाढवळ्या जनतेचे रक्त पिणारे सट्टेबाज आणि व्यापारी मात्र आहेत. व्होल्तेअरने त्यात धन्याचा तोंडवळा पाहिला तो दोष दाखवायला. त्यानंतरच्या साहित्याने तोच तोंडवळा हळूहळू देखणा केला आणि अखेर त्याच्या हाती पहारेकऱ्याची तलवार दिली. शेतकरी मात्र या प्रवासात कथेतून गळून पडले.

पादत्राणांच्या त्या तपशिलापाशी मी थांबलो तो एका कारणाने. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाच्या देवळात गेलात तर तिथे चामड्याच्या प्रचंड चपला ठेवलेल्या दिसतात. नवस फेडायला लोक त्या आणून वाहतात, सोबत केळ्यांचा घड असतो. मी लहानपणी आईच्या आजोळच्या माणसांबरोबर तिथे गेलो होतो तेव्हा एका वयस्क नातलगाने त्यांतली एक चप्पल मला उलटी करून दाखवली होती. टाचेपाशी तळ झिजून पातळ झाला होता. वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, राखण करतो, म्हणून चपला झिजतात, असे त्यांनी सांगितले, आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नव्हते. गोव्यात आमोण्याला, पैंगीणला वेताळाची अशीच ठाणी आहेत. वेतोबा हा वेताळच, आणि वेताळ म्हणजे भुतांचा राजा, स्मशानातला, प्रेतांत वास करणारा. 1870 साली रिचर्ड बर्टनने वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा शीर्षकात त्याला सरळ व्हॅम्पायरच म्हटले. भाषांतर सैल आहे, पण ओळख अगदीच चुकीची नाही.

फरक आहे तो कराराचा. कोकणातला राखणदार, मग तो वेतोबा असो की वाटेवरचा देवचार, एका व्यक्तीचा नसतो, गावाचा असतो. त्याने काय खायचे हे तो ठरवत नाही. वर्षातून एकदा त्याला 'राखण' दिली जाते, कुठे कोंबडा, कुठे भाकरी, कुठे नुसता नारळ. काय, कधी आणि कोणाच्या हातून, हे ठरलेले असते. गावकरी जमतात, एकजण गाऱ्हाणे घालतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि त्या गाऱ्हाण्यात विनंतीइतकीच ताकीदही असते: तुझे तुला पोचले, आता लेकराबाळांना सांभाळ. मोठ्या निर्णयाआधी कौल लावून देवाचे मत घेतात आणि कौल मिळेना तर पुन्हा विचारतात. या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. मानपान कोणाचा, देवळात पुढे कोण आणि उंबऱ्याबाहेर कोण, यावर गावांत भांडणे झाली आहेत आणि जातीची उतरंड तिथेही उभी आहे. पण रक्ताची भूक असलेल्या शक्तीला गावाने चारचौघांत, ठरलेल्या मापात, तोंडावर सांगून बांधून ठेवले आहे, ही कल्पना मला मालिकेतल्या त्या एकनिष्ठ पहारेकऱ्यापेक्षा फार शहाणी वाटते.

वेताळपंचविशीतला वेताळही असाच. तो विक्रमाच्या खांद्यावर बसून न्यायाचे प्रश्न विचारतो, आणि राजा विचार करणारा आहे अशी खात्री पटल्यावरच त्याला सांगतो की ज्या योग्यासाठी तू मला वाहून नेतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे. प्रेतात राहणारा हा रक्षक राजाला वाचवतो, पण आधी त्याची परीक्षा घेतो. प्रेमाने आंधळा झालेला रक्षक राजाला हे प्रश्न कधी विचारणार नाही.

इथे आपल्याकडचा एक कागदही उघडायला हवा, नाहीतर दुसऱ्यांच्या राखणदारांवर बोलणे फार सोपे होते. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. तो दिला की मराठ्यांच्या स्वारीपासून अभय आणि इतरांपासून संरक्षण, अशी त्याची मांडणी. आपल्या शाळेतल्या इतिहासात ते स्वराज्याच्या विस्ताराचे साधन म्हणून येते आणि तसे ते होतेच. पण 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये उतरल्या, भास्करराम कोल्हटकरांच्या स्वाऱ्या झाल्या, आणि 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला 12 लाख रुपये चौथ कबूल करेपर्यंत ते प्रकरण चालले, त्याचा तिकडचा पाठ निराळा आहे. आपल्या बारगीरांचे तिथे 'बर्गी' झाले आणि लेकरांना झोपवताना आया त्यांचे नाव भीतीसाठी घेऊ लागल्या. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास बंगालीत जे काव्य लिहिले त्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण'. त्यात पंडित पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्यांना आपण राखणदार म्हणतो त्यांची भूक कोणाच्या घरी भागत होती, याचे उत्तर तराजू छातीशी धरून धावणाऱ्या त्या सोनाराकडे आहे. उद्या कोणी मराठीत अठराव्या शतकावर काळोखी कल्पित कथा लिहिली आणि तिच्यात एखादा अमर बारगीर आपल्या धन्याच्या घराण्याचा निष्ठेने पहारा करत असला, तर मी ती आवडीने वाचेन. पण तो सोनार तिच्यात नसेल तर ती कथा अर्धी आहे असेच म्हणेन.

यावर एक उत्तर ठरलेले आहे आणि ते मला मान्यही आहे: कथा म्हणजे बखर नव्हे, अद्भुताकडून जमाखर्च मागू नये, दिवसभर कोणी न सांभाळलेल्या माणसाला रात्री अर्धा तास सांभाळणारा कोणी हवा असेल तर त्यात वाईट काय. काहीच वाईट नाही. असुरक्षित वाटणाऱ्या मुलीला दाराशी न झोपणारा पहारेकरी हवासा वाटतो, आणि ज्या जगात तिला तो हवासा वाटतो त्या जगाची लाज आपल्याला वाटायला हवी, तिच्या स्वप्नाची नव्हे. पण नुसती सुरक्षितता हवी असेल तर पहारेकरी एखादा म्हातारा शिपाई चालतो, इमानी कुत्रा चालतो, देवदूतही चालतो. लेखक जेव्हा मुद्दाम रक्त पिणारा रक्षक निवडतो, तेव्हा रक्ताचा प्रश्न त्याने स्वतःच टेबलावर ठेवलेला असतो, आणि मग त्याच्यावर झाकण घालणे ही कारागिरीतलीच चूक ठरते. या पात्राची सारी ताकद त्याच्या भुकेत आहे. पिणारा आणि ज्याचे प्यायले जाते तो, असे दोघेही समोर असले तरच ती भूक जड लागते. नाहीतर तो दात असलेला एक सभ्य गृहस्थ होतो, आणि असे सभ्य गृहस्थ आपल्याकडच्या कौटुंबिक मालिकांत आधीच पुष्कळ आहेत.

बंदी, वयाची अट, पालकांची परवानगी असल्या उपायांनी यात काही साधेल असे मला वाटत नाही. 1755 मध्ये ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाने आपला वैद्य वान स्विटेन याच्या अहवालावरून प्रेते उकरण्याला बंदी केली, ते योग्यच झाले, कारण तिथे खरी थडगी उघडली जात होती आणि खऱ्या मृतांची विटंबना होत होती. कथांना हात लावायचे मात्र कोणाला काही कारण नाही. लेखकाने स्वतःच एका भागात कॅमेरा फिरवावा: राजकन्येच्या दालनावरून खाली, घोड्यांच्या पागेत, जिथे काल रात्रीचा 'वाईट माणूस' पडलेला आहे आणि सकाळी त्याला शोधत कोणीतरी येणार आहे.

परवा मी भाचीला किसिल्येवोची गोष्ट सांगितली. थडगे, खुंटा, तोंडावरचे रक्त यांत तिला फारसे काही वाटले नाही, ते तिच्या मालिकेत दर दोन भागांनी येते. बायकोकडे पादत्राणे मागायला आलेल्या नवऱ्यापाशी मात्र तिने मोबाइल खाली ठेवला.

"तिने दिली का?"

अहवालात तेवढेच आहे, मी म्हटले, की ती दुसऱ्या गावी निघून गेली.